पेंढारी गेले, राज्यही गेले

नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ सीताबर्डीची टेकडी आहे. तिच्यावरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे सर्वसामान्यांना तो वर्षातल्या मोजक्याच राष्ट्रीय दिवशी पाहता येतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत इथे नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली, हे बहुतेक नागपूरकरांना ठाऊक असते. त्यामागची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्या कंपनीशी भोसल्यांची फौज त्या रात्री लढली, तिच्या पलटणींना अवघ्या दीड वर्षापूर्वी भोसल्यांच्याच दरबाराने तह करून राज्यात बोलावले होते. आणि तहासाठी कंपनीने पुढे केलेले मोठे कारण होते पेंढाऱ्यांचा बंदोबस्त.

हिंसक टोळ्यांच्या बंदोबस्ताचे छोट्या राज्याचे धोरण मोठी सत्ता कसे घडवते, हा आज आंतरराष्ट्रीय राजकारणाचा मोठा विषय आहे. काबूल, कोलंबो, थिंफू, नैरोबी अशा राजधान्यांचे दाखले त्यासाठी दिले जातात. मराठी वाचकाला इतके दूर जायची गरज नाही. नागपुरात ही प्रक्रिया १८१६ साली सुरू झाली आणि १८५४ साली राज्यासकट संपली. तिची प्रत्येक पायरी कागदोपत्री नोंदलेली आहे. म्हणूनच ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

संकट खरे होते

पेंढारी मूळचे मराठी फौजांच्या मागे फिरणारे बिनपगारी स्वार. लुटीवर त्यांची गुजराण चाले आणि त्या लुटीतला वाटा ते सरदाराला देत. ज्याच्या छत्राखाली ते असत त्यावरून शिंदेशाही आणि होळकरशाही असे त्यांचे गट पडत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चितू, करीमखान, वासिल महंमद हे त्यांचे मोठे पुढारी होते आणि नर्मदेच्या खोऱ्यात त्यांचे तळ होते. पावसाळा सरला, दसरा झाला आणि नद्यांना उतार मिळाला, की टोळ्या बाहेर पडत. तंबू नाही, सामानसुमान नाही. स्वाराजवळ स्वतःपुरत्या भाकरी आणि घोड्यापुरता दाणा, एवढीच शिदोरी. त्यामुळे नियमित फौजेच्या कितीतरी पट वेगाने ते अंतर कापत. गावात शिरले की पुरलेला पैसा काढून घेण्यासाठी छळ करत. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधणे, हा त्यांचा ठरलेला प्रकार.

मार्च १८१६ मध्ये त्यांनी गुंटूरच्या बाजूला कंपनीच्या मुलखात धाड घातली. कंपनी सरकारने नंतर चौकशी केली तेव्हा बारा दिवसांहून कमी काळात ३३९ गावे लुटली गेल्याचे, १८२ माणसे ठार, ५०५ जबर जखमी झाल्याचे आणि ३,६०३ जणांचा छळ झाल्याचे नोंदवले गेले. खुद्द नागपूरही सुटले नव्हते. १८११ साली पेंढारी राजधानीपर्यंत आले आणि त्यांनी शहराबाहेरच्या वस्त्या जाळल्या. नागपूर-वर्धा भागात गावोगाव ज्या मातीच्या गढ्या आजही ढासळत्या अवस्थेत दिसतात, त्यांतल्या कितीतरी याच धामधुमीच्या काळात बांधल्या गेल्या. घोडेस्वारांची धूळ दिसली की शेतकरी बायकामुलांसह गढीत शिरायचा आणि आतून जिवाच्या आकांताने लढायचा. भिंतीबाहेर राहिलेले घर, गुरे आणि उभे पीक गेलेच, असे धरून चालायचे. अशा माणसाला बंदोबस्त कोण करतो याच्याशी काय देणेघेणे असणार? तो व्हावा, एवढेच त्याचे मागणे असते. बाहेरच्या सत्तेला छोट्या राज्यात वाट मिळते ती या रास्त मागणीतून.

रोगाला खतपाणी कुणी घातले

नागपूर दरबार या बाबतीत काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बुरन आणि हिरा या दोघा पेंढारी भावांना दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी आधी भोपाळच्या मुलखावर सोडले. ते लूट घेऊन परतल्यावर त्यांचाच तळ लुटला आणि बुरनला कैदेत टाकले. तो कैदेतच मेला. सोयीचे असेल तेव्हा टोळ्या पोसायच्या आणि नको झाल्या की मोडायच्या, हा त्या काळच्या सगळ्याच दरबारांचा शिरस्ता होता.

पण पेंढाऱ्यांची संख्या फुगली ती १८०३ नंतर. त्या वर्षी अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड त्यांच्या हातून गेला. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला, तसे उत्पन्न आटले. उरलेल्या मुलखावरचा सारा वाढला आणि फौजेला पगार द्यायला पैसा राहिला नाही. हिंदुस्थानभर हेच घडत होते. कंपनीची तैनाती फौज स्वीकारणाऱ्या राज्यांनी आपापल्या पलटणी मोडल्या. तलवारीशिवाय दुसरा धंदा न शिकलेले हजारो लोक रिकामे झाले आणि त्यांतले बरेच पेंढाऱ्यांना जाऊन मिळाले. कंपनी ज्या संकटावर उपाय घेऊन आली, ते संकट वाढवण्यात तिच्याच विजयांचा वाटा होता.

हे रघूजींना दिसत होते. देवगावनंतर त्यांनी नागपुरात कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, ठेवून घेतला. आधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि मग रिचर्ड जेंकिन्स. तैनाती फौज मात्र त्यांनी शेवटपर्यंत नाकारली. १८०९ साली पेंढाऱ्यांचा पाठीराखा अमीरखान नागपूरच्या मुलखावर चालून आला तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोने तसा तह नसतानाही कंपनीच्या फौजा मदतीला पाठवल्या. राज्य गहाण न टाकताही शेजाऱ्याची मदत मिळू शकते, याचा तो पुरावा होता. २२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले आणि तो मार्ग बंद झाला.

सही कशी झाली

रघूजींचा मुलगा परसोजी अंध आणि विकलांग होता. कारभार कुणी पाहायचा यावरून दरबारात दोन तट पडले. एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद करून कारभार हाती घेतला. पण पायाखालची जमीन भक्कम नव्हती. त्यांना आधार हवा होता आणि जेंकिन्सला तह. बोलणी गुपचूप झाली आणि २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेच्या तहावर सही झाली.

त्या तहाची कलमे जवळून पाहण्याजोगी आहेत. कंपनीने सहा पायदळ पलटणी, एक घोडदळ रेजिमेंट आणि तोफखाना नागपूरच्या राज्यात ठेवायचा. त्यासाठी भोसल्यांनी दरसाल साडेसात लाख रुपये द्यायचे. शिवाय ३,००० स्वार आणि २,००० पायदळ अशी आपली फौज पदरच्या खर्चाने कंपनीच्या दिमतीला तयार ठेवायची आणि तिची तपासणी रेसिडेंट करणार. इतर राज्यांशी कोणतेही बोलणे कंपनीच्या संमतीशिवाय करायचे नाही.

या चार ओळींत सगळे आले. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे परराष्ट्र व्यवहाराच्या कलमाने कंपनीकडे गेले. खर्च नागपूरच्या रयतेच्या माथी बसला. फौजेचे हुकूम रेसिडेन्सीतून सुटू लागले. आणि पेंढारी संपल्यावर ही फौज परत जाईल, असे कलम तहात कुठेच नव्हते. मदतीचा करार आणि ताब्याचा करार दिसायला सारखेच असतात. फरक असतो तो मुदतीच्या कलमात.

एवढे देऊन संरक्षण तरी मिळाले का? कर्नल वॉकरची तैनाती फौज नर्मदेकाठी पसरली. पण नदीचा पल्ला लांब आणि ठाणी विरळ. १८१६-१७ च्या हंगामात पेंढारी त्या फटींतून दक्षिणेत उतरले आणि पूर्वेला गंजामपर्यंत धडकले. साडेसात लाखांच्या पहाऱ्यातून टोळ्या निसटत राहिल्या.

मोहीम फिरली

लंडनच्या वरिष्ठांकडून पेंढाऱ्यांविरुद्ध मोहिमेची मोकळीक मिळताच गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने १८१७ च्या पावसाळ्यानंतर लाखाहून अधिक फौज आणि सुमारे ३०० तोफा मैदानात आणल्या. वीस-तीस हजार लुटारू स्वारांसाठी एवढा सरंजाम लागत नाही, हे पुण्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सगळ्यांना कळत होते. पेंढाऱ्यांच्या भोवती घातलेला वेढा मराठी राज्यांच्याही भोवती पडत होता. त्याच वर्षी जूनमध्ये पेशवा बाजीरावाकडून पुण्याचा अपमानास्पद तह लिहून घेण्यात आला होता. ५ नोव्हेंबरला पेशवे आणि कंपनी यांच्यात खडकीची लढाई पेटली.

आप्पासाहेबांनाही तहाचा काच आता कळला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रे त्यांनी समारंभाने स्वीकारली. कंपनीशी लढत असलेल्या पेशव्याकडून मान घेणे हा तहभंग आहे, असे जेंकिन्सने धरले आणि समारंभाला जायचे नाकारले. दोनच दिवसांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनीचे दीड हजाराच्या आतबाहेर शिपाई आणि खाली भोसल्यांची कित्येक पटींनी मोठी फौज असा सामना झाला. भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतलीही. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मुसंडी मारली, धाकटी टेकडी परत घेतली गेली आणि लढाईचे पारडे फिरले. कंपनीचे ३६७ लोक ठार व जखमी झाले, पण टेकडी तिच्याकडेच राहिली. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनने नागपूरजवळ भोसल्यांच्या फौजेचा पुन्हा पराभव केला.

जानेवारी १८१८ च्या करारनाम्याने नर्मदेच्या दोन्ही तीरांचा भोसल्यांचा मुलूख, गाविलगड, नरनाळा आणि वऱ्हाडातला उरलासुरला भाग कंपनीला मिळाला. कारभार रेसिडेंटच्या विश्वासातल्या मंत्र्यांनी पाहायचा असे ठरले. मार्चमध्ये आप्पासाहेबांना कैद झाली. अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. तिथे त्यांना येऊन मिळाला तो चितू पेंढारी. ज्याच्या बंदोबस्तासाठी तह केला तोच आता सोबती झाला होता.

हिशेब मांडला तर चित्र आणखी बोलके होते. करीमखान शरण आला आणि त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. पेंढाऱ्यांचा जुना पाठीराखा अमीरखान टोंकचा नवाब झाला. चितूला असीरगडच्या रानात वाघाने मारले. आणि पेंढाऱ्यांविरुद्धच्या तहावर सही करणारा, पुढे नागपूरचा राजा झालेला आप्पासाहेब पंजाबात आणि डोंगरी मुलखात भटकत शेवटी जोधपूरला आश्रित म्हणून १८४० साली वारला. नागपूरच्या गादीवर तिसऱ्या रघूजींना लहानपणी बसवण्यात आले आणि १८२६ पर्यंत जेंकिन्सनेच राज्य चालवले. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी वारले. औरस मुलगा नाही म्हणून लॉर्ड डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. तोवर पेंढाऱ्यांचे नाव घ्यायचेही कुणाला कारण उरले नव्हते.

कायदा हद्द ओलांडतो

भोसल्यांकडून मिळालेल्या नर्मदेच्या मुलखातच, जबलपूरला, पुढे विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम उभी केली. तिच्यासाठी १८३६ साली तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध झाला की जन्मठेप. अमुक एक खून केल्याचे वेगळे सिद्ध करायची गरज नाही. संबंध कायदा होण्यापूर्वीचा असला तरी चालेल आणि कंपनीच्या मुलखाबाहेरचा असला तरी चालेल. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर संस्थानांच्या हद्दीतून माणसे धरून आणली जाऊ लागली. फौज हा प्रभावाचा एक मार्ग, कायदा हा दुसरा. फौज निदान डोळ्यांना दिसते, कायद्याची हद्द सरकली तरी कळत नाही.

आजचे तह

आज कोणी रेसिडेंट नेमत नाही, पण आपले धोरण दुसऱ्याकडून करवून घेण्याची साधने कमी झालेली नाहीत. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर २८ सप्टेंबर २००१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवा, मालमत्ता गोठवा, आश्रय देऊ नका आणि काय केले ते ९० दिवसांत कळवा, असा तो सर्व देशांना बंधनकारक आदेश होता. दहशतवाद कशाला म्हणायचे, हे मात्र त्या ठरावात सांगितले नव्हते. त्यामुळे अनेक सरकारांनी आपापल्या सोयीच्या ऐसपैस व्याख्या केल्या आणि वर आंतरराष्ट्रीय कर्तव्याचे नाव दिले.

दुसरे साधन पैशाचे. सात श्रीमंत देशांच्या पुढाकाराने १९८९ साली स्थापन झालेले एफएटीएफ हे दल काळ्या पैशावर आणि दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर नजर ठेवते. त्याच्या करड्या यादीत नाव गेले की त्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका हात आखडता घेतात. ही यादी लाखोंच्या फौजेइतकाच परिणाम करू शकते. भारत २०१० साली या दलाचा सदस्य झाला आणि २०१२ साली बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, झालेल्या दुरुस्तीत या सदस्यत्वाच्या बांधिलकीचा हात होता. नागपूरच्या इतवारीतल्या बँकेत केवायसीचा अर्ज भरताना आपण ज्या कागदांच्या प्रती जोडतो, त्यामागेही याच दलाच्या शिफारशी आहेत. भारतासारख्या मोठ्या देशालाही हे पाळावे लागते, तर छोट्यांची काय कथा!

म्हणून बाहेरचा दबाव नेहमीच वाईट असे म्हणता येईल का? महाराष्ट्रातला माणूस तरी तसे म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्यामागच्या संघटनेचा म्होरक्या हाफिज सईद याला पाकिस्तानी न्यायालयाने दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षा सुनावली, तेव्हा पाकिस्तान करड्या यादीत होता. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ एवढा काळ तो तिथे राहिला. हा दबाव नसता तर शिक्षा झाली असती, असे मानणे कठीण आहे. श्रीलंकेत १९७९ साली तीन वर्षांसाठी म्हणून आणलेला दहशतवाद प्रतिबंधक कायदा पुढे कायमचा झाला. त्यातल्या जाचक तरतुदी बदलाव्यात म्हणून युरोपीय संघाने व्यापारी सवलतींचा वापर केला. २०१० साली सवलत काढली आणि २०१७ साली सुधारणांच्या आश्वासनावर परत दिली. दबाव नागरिकाला चिरडण्यासाठी वापरता येतो, तसाच त्याला वाचवण्यासाठीही.

भूतानने काय वेगळे केले

नागपूरच्या गोष्टीशेजारी भूतानची गोष्ट ठेवून पाहावी. १९४९ च्या तहानुसार भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचा होता. १९९० च्या दशकात आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले. भारत कारवाईची मागणी करत राहिला. भूतानने घाई केली नाही. संघटनांशी वर्षानुवर्षे बोलणी केली, राष्ट्रीय सभेत चर्चा घडवली आणि मार्ग खुंटल्यावर १५ डिसेंबर २००३ रोजी आपल्या छोट्या सैन्यानिशी स्वतः कारवाई केली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेत होते. भारतीय सैन्याने आपल्या बाजूने सीमा रोखून धरली. तळ मोडले, मोहीम थांबली आणि या मोहिमेच्या निमित्ताने भूतानच्या भूमीवर कोणतीही पाहुणी फौज कायमची बसली नाही. पुढे २००७ साली तह नव्याने लिहिला गेला, तेव्हा सल्ला मानण्याचे कलम गेले आणि एकमेकांच्या सुरक्षेला बाधक कृत्यांना आपल्या भूमीवर थारा द्यायचा नाही, हे दोघांनाही सारखेच बंधनकारक ठरले.

मागणी दोन्हीकडे मोठ्या शेजाऱ्याचीच होती. पण भूतानने निर्णय आपल्या सभेत घेतला, हत्यार आपल्या हाती ठेवले आणि शेवट कुठे करायचा हे स्वतः ठरवले. नागपुरात निर्णय वारशाच्या भांडणात अडकलेल्या एका माणसाने गुपचूप घेतला. फौज पाहुण्याची होती आणि शेवटाचे कलम नव्हते. बाहेरच्या सत्तेला आत यायला सर्वांत सोपी फट नेहमी घरातल्या दुहीची असते, हेही इथे दिसते. रघूजींसारखा घट्ट बसलेला राजा नाही म्हणू शकला, डळमळता कारभारी म्हणू शकला नाही.

यातून प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावेत असे काही प्रश्न निघतात. सुरक्षेच्या नावाने कोणताही करार किंवा कायदा समोर आला, मग तो दुसऱ्या देशाने सुचवलेला असो की आपल्याच सरकारने आणलेला, तर विचारावे: शत्रू कोण हे कोण ठरवणार आणि ते लिहून ठेवले आहे का? खर्च कोण सोसणार? हुकूम कुणाचा चालणार? निरपराध माणूस सापडला तर त्याने दाद कुठे मागायची? आणि हे संपणार कधी? संकट खरे असते तेव्हाच हे प्रश्न विचारणे अवघड जाते, कारण भीतीपुढे ते क्षुल्लक वाटतात आणि विचारणाऱ्यावर संशय घेतला जातो. पेंढारी खरे होते, गढीतला शेतकरी खरा होता आणि २७ मे १८१६ ची सहीही खरी होती. त्या सहीआधी हे प्रश्न नागपूरच्या दरबारात उघडपणे कुणी विचारले नाहीत. आपल्याला ते विचारण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. तो वापरावा.